तेरा इंच

नेटी कॉवीचा आवाज असा, की थडग्यातल्या माणसालाही वाटावं, आपल्यालाच बोलावतेय. ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी सकाळी ती बालनाखी गावच्या जुन्या चर्चच्या आवाराबाहेर, दगडी गडग्यापाशी येऊन उभी राहिली आणि ओरडली, "वॉटी! अरे ए वॉटी मिल्न! कान गहाण टाकलेस का?"

वॉटी पडक्या चर्चच्या दक्षिण भिंतीलगतचं गवत कापत होता. गेली सदतीस वर्षं तो इथे हेच करत आला होता. कबरी खणायच्या, गवत कापायचं, कललेले दगड सरळ करायचे. "हळू बोल की जरा," तो म्हणाला, "इथली मंडळी झोपलीत."

"झोपू देत. डॉक्टर येऊन गेला एल्स्पेटकडे. काळीज पार थकलंय म्हणाला. नवं वर्ष काही ती बघत नाही."

वॉटीचा गवत कापणारा हात थांबला. आता शहात्तर वर्षांची म्हातारी जायला टेकली, तर कबर खणणाऱ्या माणसाने इतकं हबकावं कशाला? रोजचंच काम ते. पण हबकायला कारण होतं, आणि ते सदतीस वर्षं त्याच्या एकट्याच्या पोटात होतं.

"तुला भेटायचंय म्हणते," नेटी म्हणाली. ती एल्स्पेटची शेजारीण, आणि आता तिचं खाणंपिणं, औषधपाणी सगळं तीच बघत होती. "उद्या दुपारी ये. आणि बूट पुसून ये, मेल्या. तुझ्या बुटांना निम्मं गाव चिकटलेलं असतं."

नेटी गेली. वॉटी तिथेच एका चौथऱ्यासारख्या जुन्या थडग्याच्या कडेला टेकला. सहा ठेंगण्या खांबांवर आडवी शिळा, शिळेवर कवटी आणि वाळूचं घड्याळ कोरलेलं. त्या घड्याळाकडे त्याने आजवर कधी नीट पाहिलंही नव्हतं. आज पाहिलं, आणि उठून दुसरीकडे जाऊन उभा राहिला.

एल्स्पेट रेनी गेली तेवीस वर्षं दर रविवारी एकच गोष्ट करायची. रस्त्यापलीकडच्या नव्या चर्चमधली प्रार्थना आटोपली की ती जुन्या आवारात यायची, आपल्या नवऱ्याच्या आणि मुलाच्या दगडापाशी उभी राहायची, आणि जाताना फाटकाशी वॉटीला विचारायची, "माझी जागा शाबूत आहे ना रे?"

"आहे, मिसेस रेनी. कोण नेतंय ती?"

असं दर रविवारी. वर्षाचे बावन्न रविवार धरा आणि करा हिशेब, किती वेळा खोटं बोलला असेल तो. कारण जागा नव्हतीच.

झालं होतं असं. सत्तेचाळीस सालचा फेब्रुवारी. असली थंडी, की मेंढ्या उभ्या उभ्या गारठून मेल्या. त्यात गॅव्हिन रेनी न्यूमोनियाने गेला. मोठ्या शेतावर घोडे हाकणारा, औत धरणारा धिप्पाड गडी. चार दिवसांत संपला. मागे एल्स्पेट आणि चौदा वर्षांचा रॉडी. वॉटी तेव्हा फौजेतून नुकताच परतलेला, अठ्ठावीस वर्षांचा, आणि हे काम मिळून त्याला जेमतेम दोन महिने झालेले. चर्चच्या पंचांनी बजावून ठेवलं होतं, काम नीट केलंस तर उन्हाळ्यात कायम करू.

आता रीत अशी, की एका घराच्या जागेत तिघं झोपतात, एकावर एक. त्यासाठी पहिल्याचा खड्डा आठ फूट न्यावा लागतो. पहिला उथळ खणला, तर तिसऱ्याचं संपलं. रेनींची जागा जुन्या चर्चच्या दक्षिण भिंतीला लागून. सगळ्यांना हवीशी, उन्हाची बाजू. उत्तरेला काय, परके, बेवारशी आणि पाण्यावाचून गेलेली, म्हणजे बाप्तिस्म्याआधीच मेलेली पोरं. दक्षिणेला रेनींच्या तीन पिढ्या, आणि सगळ्यांच्या दगडावर नांगराचा फाळ कोरलेला. एल्स्पेटने तीच जागा मागितली.

वॉटीने रात्रभर कोळसे पेटवून वरची माती सैल केली. दोन दिवस कुदळ चालवली. साडेपाच फुटांवर पहार खणकन वाजली. त्याला वाटलं, धोंडा असेल. हातांनी माती सारली, तर खाली चौकोनी घडवलेले दगड, एकाला एक लावून चुन्यात बसवलेले. हे पडकं चर्च उभं राहण्याच्याही आधी इथे मठातल्या साधूंचं एक चर्च होतं असं म्हातारे सांगायचे. त्याचाच पाया तो. एका दगडाच्या कडेला वेलीसारखी नक्षी होती. वॉटीने पहारेचे दहा-वीस घाव घातले. त्या दगडांनी दाद दिली नाही, आणि दर घावाला वाटत होतं, देवाच्या घराची भिंत फोडतोय आपण. बारा वाजता प्रेत यायचं होतं. दहा वाजता त्याने पहार टाकली.

सांगता आलं असतं. मान्य. पंचांना सांगायचं, "साहेब, खाली भिंत लागली, जागा बदला." शिव्या खाल्ल्या असत्या, एक दिवस लांबलं असतं, संपलं असतं. पण अकराच्या सुमारास एल्स्पेट स्वतःच आली. पोराचा हात घट्ट धरलेला. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या, आत अंधार. तिला काय दिसणार? तिने एवढंच विचारलं, "तिघांची सोय झाली ना?"

तिचा चेहरा पाहून वॉटी म्हणाला, "झाली."

एवढा एकच शब्द. मग नोंदवहीत त्याने लिहिलं, खोली आठ फूट.

पुढे एकसष्ट साली रॉडी मोटरसायकलवरून घरी येताना पुलाच्या ओल्या वळणावर घसरला आणि गेला. त्याला बापावर ठेवला तेव्हा त्याच्या शवपेटीच्या झाकणावर तीन फूटही माती बसत नव्हती. वॉटीने भराभर माती लोटली, वर गवताचे थर बसवले. त्या दिवशीही सांगता आलं असतं. पण कुठल्या तोंडाने सांगणार? पोरगं गमावलेल्या बाईला म्हणायचं, तुमची जागा मी गिळली? त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. ती धरली ती धरलीच.

आता एकच आशा होती. लाकडी पेट्या काही जन्मभर टिकत नाहीत. तीस-चाळीस वर्षांत खालची पेटी बसते, वरची तिच्यासोबत खाली जाते. कधी फूट, कधी दीड फूट. गॅव्हिनची पेटी साध्या पाइनची होती. ती बसली असेल तर रॉडीही खाली गेला असेल. मग कदाचित जमेल. अलीकडे जिल्हा कचेरीतून मिसेस टॉश प्रत्येक दफनाआधी पट्टी घेऊन यायची, त्यामुळे चोरून काही उरकता येणार नव्हतं. वर तीन फूट माती हवी म्हणजे हवी.

बुधवारी सकाळी वॉटी हत्यारांच्या खोलीत गेला. ही खोली म्हणजे फाटकाजवळची जुनी पहाऱ्याची चौकी. दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या शाळांना विकायला प्रेतं चोरून नेणाऱ्यांची टोळधाड होती, तेव्हा मेलेल्याचे नातेवाईक इथे पाळीपाळीने जागायचे. ताज्या कबरीवर घालायचा जाडजूड लोखंडी पिंजरा अजून कोपऱ्यात पडून होता. वॉटी त्याला आपली फावडी टेकवायचा. त्यामागून त्याने सळई काढली. पाच फुटांची, इंचाइंचाला कानसीने खूण केलेली.

आवारात चिटपाखरू नव्हतं. त्याने रेनींच्या जागेवर सळई उभी केली आणि दाबली. माती ओली होती, सळई सहज गेली. एक फूट. दोन. अडीच. "जा," तो पुटपुटला. "जा बाई, अजून जा." तीन. आणि मग, टक्. लाकूड.

त्याने बोटाने खूण धरून सळई वर काढली. तीन फूट दोन इंच.

हातभर सरकून पुन्हा घातली. पुन्हा टक्. तीन फूट दोन इंच. पायाकडे घातली, तिथेही तेच. पोराच्या पेटीवर सव्वा फुटाची एल्स्पेटची पेटी, वर तीन फूट माती. मिळून हवेत चार फूट तीन इंच. त्याने बोटांवर तीनदा मोजलं. तेरा इंच कमी. पेटी बसली होती, पण जेमतेम पाच इंच.

"वॉटी!"

तो असा दचकला की सळई हातातून पडली. गडग्यावर नेटी.

"दुपारी ये म्हटलं होतं ना? आत्ता ये. ती बोलावतेय."

"आत्ता? का बरं?"

"काल तिचा पलंग खिडकीशी हलवला. तिथून हे सगळं आवार दिसतं. वीस मिनिटं बघतेय ती तुला. म्हणाली, त्या वॉटीला विचार, माझ्या माणसांच्या अंगावर लोखंड कशाला खुपसतोय."

वॉटी सळई तिथेच टाकून तिच्यामागे निघाला. बूट पुसायचंही त्याला सुचेना. नेटीनेच दारात त्याला थांबवून पायपुसण्याकडे बोट दाखवलं.

एल्स्पेट पलंगावर उशांना टेकून बसली होती. अंगाने काटकी झालेली, पण डोळे तेच, समोरच्याला खुर्चीत बसवणारे. नेटीने चहा आणि ओटच्या पिठाची बिस्किटं आणून ठेवली आणि, आश्चर्य म्हणजे, स्वतःहून बाहेर गेली. दार मात्र तिने पुरतं लावलं नाही.

"काय शोधत होतास?" एल्स्पेटने विचारलं.

"उंदीर... म्हणजे चिचुंद्र्या, मिसेस रेनी. बिळं करतायत. कुठवर गेलीत ते बघत होतो."

"सापडल्या?"

"नाही."

"हं." तिने उशीखालून एक कागद काढला. "चिचुंद्र्यांचं नंतर बघू. हे घे. माझी दोऱ्यांची यादी."

त्या भागात पेटी खाली सोडायला भाड्याची माणसं नसतात. आठ दोऱ्या, आठ माणसं, सगळी घरची आणि जवळची. प्रत्येकाला नंबराचं कार्ड जातं. एक नंबर डोक्याशी. तो मोठ्या मुलाचा मान. आपल्या मरणाची यादी माणूस जिवंतपणीच करून ठेवतो, आणि तीत आपला नंबर कितवा यावरून गावात पिढ्यान्पिढ्या अबोले चालतात.

वॉटीने कागद उघडला. पहिलंच नाव त्याचं.

"मी?" त्याने नाव पुन्हा वाचलं. "अहो, एक नंबर माझा?"

"मग कुणाचा? माझं कोण उरलंय? तेवीस वर्षं माझी माणसं तू सांभाळलीस. बर्फात त्यांच्या दगडावरचा बर्फ झाडलास. मी खिडकीतून आजच बघायला लागले असं नाही." तिने कार्डही तयार ठेवलं होतं, काळ्या किनारीचं. "घे. घे म्हणते ना!"

त्याने घेतलं. चहा तसाच राहिला. काहीतरी बोलून तो उठला आणि बाहेर आला. नेटी ओट्याशी भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "चिचुंद्र्या, होय? बालनाखीत चिचुंद्री बघून मला दहा वर्षं झाली."

"तू आपली भांडी घास."

"घासतेच आहे. तुझ्या पोटात काय आहे ते तूच घास."

वॉटी सरळ गावातल्या फोनच्या खोक्यापाशी गेला आणि जिल्हा कचेरीला फोन लावला. मिसेस टॉश लाइनवर आली. "मॅडम, एक सहज विचारायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे माझं नाही. दुसऱ्या गावच्या एका माणसाचं. समजा, जागा तिघांची आहे, पण खोली भरत नाही..."

"किती कमी?"

"तेरा इंच."

"सहज विचारताय आणि इंच मोजलेले आहेत?" "दोन मार्ग, मिस्टर मिल्न. शेजारची जागा घ्या, नाहीतर दहन. राखेच्या डब्याला दीड फूट पुरतो. वरची पेटी काढून पुन्हा खोल ठेवायची म्हटलं तर कोर्टाची परवानगी लागते, महिने जातात."

"महिने नाहीत."

"मग त्या दुसऱ्या गावच्या माणसाला सांगा," ती म्हणाली, "लवकर तोंड उघड म्हणावं."

शेजारची जागा! पश्चिमेला रेनींचीच जुनी माणसं. पूर्वेला चार हातांवर जमीनदारांचं छपराचं, कुलपाचं दफनघर. मधे एकच जागा, आणि ती होती वॉटीची स्वतःची. तिथे त्याची बायको बेला झोपली होती. तो खड्डा मात्र त्याने भिंत चुकवून, मोजून आठ फूट खणला होता. खाई त्याला खवखवे. गॅव्हिननंतर त्याने एकही खड्डा मोजल्याशिवाय सोडला नव्हता.

गुरुवारी दुपारी तो पुन्हा गेला. बूट न सांगता पुसले. एल्स्पेटसमोर उभा राहिला, आणि बसायचंही विसरून सगळं सांगून टाकलं. थंडी, भिंत, नक्षीचा दगड, "झाली" हा शब्द, नोंदवहीतले आठ फूट, सळई, तेरा इंच. बोलताना तो खिडकीकडे बघत होता.

"रॉडीवर किती माती आहे?" एल्स्पेटने विचारलं.

त्याला वाटलं होतं, ती आपल्या जागेबद्दल विचारेल. "तीन फूट दोन इंच. आता."

"आता. आणि तेव्हा?"

"दोन फूट नऊ."

"दोन फूट नऊ," ती हळूच म्हणाली. "बासष्टच्या हिवाळ्यात जमीन अडीच फूट गोठली होती. मला आठवतं. मी इथे शेकोटीशी बसून म्हणत होते, बरं झालं, माझं पोर खोल आहे, त्याच्यापर्यंत थंडी जात नाही." "माझ्या पोराच्या अंगावर गोधडीएवढी माती टाकलीस तू, वॉटी. आणि रविवारी माझ्याशी गोड गोड बोलायचास."

"मला माफ—"

"ते तोंडातून काढू नकोस! माफी दिली तर तू घरी जाऊन निवांत झोपशील. मला नाही झोपवायचं तुला."

वॉटी रडायला लागला. पासष्ट वर्षांचा माणूस, हातात टोपी, पोरासारखा मुसमुसत होता. बाहेर भांड्यांचा आवाज थांबला.

"माझी जागा घ्या," तो म्हणाला. "शेजारचीच आहे. आठ फूट आहे, मी स्वतः मोजलीय, देवाशपथ. बेलाच्या वर माझी जागा आहे ती तुम्ही घ्या. गॅव्हिनपासून हातभरच. मी कुठेही जाईन. उत्तरेला जाईन."

एल्स्पेटने डोळे मोठे केले. "बेलाच्या वर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चर्चच्या सगळ्या महिला मंडळासमोर ती बया म्हणाली होती, एल्स्पेटचं डम्पलिंग आत कच्चं राहिलंय! एकोणीस वर्षं मी तिच्या बाकावर बसले नाही, आता तिच्या उरावर झोपू? देवाच्या न्यायाच्या दिवशी उठल्या उठल्या पहिलं तोंड तिचं बघू?"

दाराबाहेर नेटी फिसकन हसली आणि लगेच खोकली. एल्स्पेटही हसली असती, पण हसू अर्ध्यावरच विरलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पडक्या चर्चचा रिकामा घंटामनोरा, त्याखाली तो नांगराच्या फाळाचा दगड.

"दुसरं काय आहे?" तिने विचारलं. "तू कचेरीत विचारलं असशीलच. भित्रा माणूस आधी चौकशी करतो."

त्याने टोपी चुरगाळली. शेवटी तो म्हणाला, "दहन. राखेला दीड फूट पुरतो."

एल्स्पेटने पांघरुणाची कड ओढून घेतली. चार वर्षांपूर्वी पाद्री लेंगसाहेबांनी एका रविवारी सांगितलं होतं, जाळण्यात काही पाप नाही, तेव्हा ही बाई भर प्रार्थनेतून उठून चालती झाली होती. धुराड्यातून वर जायला मी काय पालापाचोळा आहे का, असं तिने दारातून सुनावलं होतं. सगळ्या गावाने ऐकलं होतं.

"इथे सगळे पूर्वेला पाय करून झोपलेत," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी देवाची हाक आली की उठून बसायचं, तोंड सूर्याकडे. गॅव्हिन उठेल. रॉडी उठेल. दोघं पूर्वेला बघतील." तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्या डोळ्यांत भीती होती. "राख कुठे तोंड करते रे, वॉटी?"

"मला नाही माहीत, मिसेस रेनी."

"तुला नाही माहीत." तिने डोळे मिटले. वॉटीला वाटलं, दमली, आता निघावं. तेवढ्यात ती म्हणाली, "मेजाच्या खणात कागद आहे. पेन आहे. बस आणि लिही. माझा हात चालत नाही."

तो बसला.

"लिही. मी, एल्स्पेट रेनी, बालनाखी, पूर्ण शुद्धीत सांगते. मी मेल्यावर मला शहरात न्यावं आणि जाळावं."

वॉटीने लिहायला सुरुवात केली. "शहरात न्यावं आणि" इथपर्यंत आला आणि पेन थांबलं. पुढचा शब्द उतरेना.

"लिही की!" एल्स्पेट म्हणाली. "आठ फूट लिहिताना नव्हता थांबला तुझा हात."

त्याने लिहिलं.

"आणि राख माझ्या नवऱ्याच्या आणि मुलाच्या जागेत ठेवावी. मुलाला चिकटून. जितकं खाली जाईल तितकं खाली." तिने दम घेतला. "आण इकडे." कागदाखाली तिने वेडीवाकडी सही केली. मग हात पुढे केला. "आणि ते कार्ड दे परत."

वॉटीने खिशातून काळ्या किनारीचं कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. तिने नेटीला हाक मारली आणि ते तिला दिलं. "एक नंबर तुझा. बाकीच्यांना कळव, दोऱ्या नाहीत. नुसते या म्हणावं."

"आणि वॉटी?" नेटीने विचारलं.

"तो खणेल. ते त्याचं काम आहे."

त्या संध्याकाळी वॉटीने कचेरीत फोन करून मिसेस टॉशला सांगितलं, दुसरं गाव वगैरे काही नव्हतं. नोंदवहीत जुन्या ओळीवर रेघ मारून खरा आकडा लिहिला आणि खाली सही केली. गावात बातमी पसरायला एक दिवस लागला. रविवारी फाटकाशी लोक त्याच्याशी हवापाण्याचं बोलले, त्यापलीकडे कुणी थांबलं नाही. खिडकीतला पलंग तिथेच होता. वॉटीने त्या बाजूला मान वळवली नाही, पण काम करताना पाठीला ते डोळे जाणवायचे. नोव्हेंबर असाच गेला. रोज सकाळी आधी तो तिच्या धुराड्याकडे बघायचा; धूर दिसला की फावडं उचलायचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी धूर दिसला नाही.

पुढच्या शुक्रवारी गावच्या सुताराने, जो पेट्याही करायचा, शहरातून डबा आणला. ओक लाकडाचा, वीतभर, चारही बाजू सारख्या, वर साधं झाकण. नावाची पट्टी अजून तयार व्हायची होती. वॉटीने पहाटेपासून खणायला घेतलं होतं. फावड्याने दोन फूट, मग खुरप्याने, आणि शेवटची वीतभर माती त्याने पालथं पडून नुसत्या हातांनी काढली, इतकी हळू, की रॉडीच्या झाकणाला ओरखडा उठू नये. बोटांना लाकूड लागलं तेव्हा तो थांबला. पाद्री लेंगसाहेब आले तेव्हा कुणी न विचारताच त्याने मोठ्याने सांगितलं, "तीन फूट दोन इंच. मोजून घ्या."

आठजण जमले. वारा बोचत होता, म्हणून प्रार्थना थोडक्यात आटोपली. मग सगळ्यांनी नेटीकडे पाहिलं. एक नंबर तिचा. डबा तिच्या हातात होता.

नेटीने खड्ड्याकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. "मला नाही वाकता येत एवढं," ती म्हणाली. "वाकले तर मलाही इथेच ठेवावं लागेल. घे रे तू."

"तिने मला नको म्हटलं होतं."

"तिने दोरीला नको म्हटलं होतं. घे."

वॉटीने डबा घेतला. त्याला वाटला होता त्याहून जड होता. तो पालथा झाला, खांद्यांसकट दोन्ही हात खाली घातले, डबा लाकडावर टेकला. पण सोडेना. त्याने तो एक वळसा फिरवला. चारही बाजू सारख्या. डोकं कुठे, पाय कुठे? त्याने दुसऱ्या बाजूला फिरवला, मग पुन्हा पहिल्या. कपाळ मातीला टेकलं होतं आणि तो डबा फिरवत होता, फिरवत होता. वर लेंगसाहेब खोकले. कुणीतरी पाय आपटले. वॉटीला काही ऐकू येत नव्हतं. एवढं एक तरी नीट व्हायला हवं होतं, आणि ते कसं करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

खांद्यावर हात पडला. नेटी वाकली होती, गुडघ्यांना शिव्या घालत.

"ठेव आता, वॉटी," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज हळू होता. "हाक आली की आपलं तोंड ती आपणच फिरवेल. तिने कधी कुणाला फिरवू दिलंय?"

वॉटीने हात सोडले.